लाल मोटारीच्या छातीतली खुर्ची

२००४ साल, आणि मास्तर एकसष्ट वर्षांचे. मी त्यांच्याहून मोठा, म्हणजे जायचा नंबर माझा होता. आरमोरीच्या बाजारात भाजी घेता घेता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. मी वैनगंगेच्या घाटावर जाळं शिवत होतो. बाजारातून परतलेला एक जण वरूनच म्हणाला, "सखाराम भाऊ, तुमचा खेळणेवाला मास्तर गेला." मेल्यावरही खेळणेवाला... ते मी अजून विसरलो नाही.

मी चौथी शिकलो, शब्द माझेच आहेत, नातीनं फक्त काना-मात्रा सुधारल्या. मास्तर आमच्या गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. नव्वद सालाच्या आसपास नागपूरच्या जुन्या बाजारात परदेशी भंगाराच्या ढिगात त्यांना एक लाल मोटार सापडली, वीतभर. दारं ओढली की हात, पुढचा भाग फिरवला की पाय, मोटारीचा उभा माणूस व्हायचा. जपानात बनलेली, माझ्या पोरांहून जुनी नसेल पण त्यांच्याहून मजबूत. मग प्रत्येक सुट्टीला मास्तर नागपूरच्या एसटीत. विमानाचा माणूस, तोफेचा माणूस, टेपरेकॉर्डरचा माणूस. नकली माल ते हातात घेत नसत, पोटाखालचा जपानी शिक्का आधी पाहायचे. कोणाचा सांधा ढिला झाला की माझ्याकडे येत, मी जाळ्याच्या नायलॉनच्या धाग्यानं आवळून द्यायचो. वर्गात ते टेबलावर मोटार ठेवून चित्र काढायला लावत, दुसऱ्या दिवशी तिथंच माणूस उभा करत आणि विचारत, आता सांगा, चाक कुठं गेलं? पोरं जीव लावून शोधत. आणि तीच पोरं मोठी झाल्यावर चौकात त्यांना हसत.

खोक्यांतून निघालेले जपानी कागद त्यांच्याकडे ढीगभर होते, वाचणार कोण? त्यांचा भाचा मोहर्लीला वाघ पाहायला येणाऱ्यांची जिप्सी चालवायचा. एकदा गाडीत जपानी म्हातारा-म्हातारी असल्याचा त्याचा निरोप आला, तर मास्तर पहाटेची बस धरून कागद घेऊन तिथं हजर. लोक वाघासाठी थांबलेले, आणि ही तिघं चहाच्या टपरीवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत खेळण्यांची गोष्ट लावत बसलेली. परत आले ते थेट घाटावर, माझ्याकडे.

"भाऊ, याच्यात जीव नाई," ते म्हणाले. "जपानी गोष्टीत याच्यात माणूस बसते. बोटाच्या पेरायेवढा. तो चालवते तवा हे लढते."

"मंग तो माणूस कुठी आहे?"

"काढला. दुसऱ्या देशात इकाले नेलं तवा गोष्टच बदलली. म्हणे मशीनच जित्ती आहे. माणूस काढला, पण खुर्ची काढाले इसरले." त्यांनी लाल मोटारीची छाती उघडून दाखवली. आत खरंच इवलीशी खुर्ची होती, रिकामी.

मी घाटाला बांधलेल्या माझ्या होडीकडे, डोंग्याकडे बोट दाखवून म्हणालो, "जपानवाला बरोबर बोलते. डोंग्यात माणूस नसन तं डोंगा म्हंजे लाकूड."

"पण भाऊ, तुम्ही तं डोंग्याले नारळ फोडता."

"तो डोंग्याले नाई, नदीले."

यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. मास्तरांना दोन्ही गोष्टी आवडायच्या, जित्त्या मशीनचीही. मला एकच पटली आणि आजही तीच पटते.

त्यांचा मुलगा प्रशांत नागपूरला नोकरीला. त्याला बापाची लाज वाटायची. माझ्यासमोर म्हणाला होता, "बाबा, लोक पोरांसाठी घेतात, तुम्ही पोराच्या जागी घेतलं." शेवटच्या भेटीत मात्र मास्तर खुशीत होते. इतक्या वर्षांनी त्यांना तो चालक मिळाला होता, एकच, पेरायेवढा, पायात लोहचुंबक. दाखवता दाखवता तो माझ्या तंबाखूच्या पत्र्याच्या डबीला चिकटला. "राहू द्या, उद्या मोटार घेऊन येतो, इथीच बसवू," म्हणाले. आणि म्हणाले, "भाऊ, माझ्या मागं हे सारं शाळेच्या कपाटात एका जागी राहिलं पायजे. पोरायले दिसलं पायजे." दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले...

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. मी प्रशांतला म्हणालो, "मोठ्यानं बोल, खेळणे शाळेत ठेवतो म्हणून. बापाची तेवढीच इच्छा होती."

त्याआधीच जाणत्यांपैकी एक बोलला, "त्यायचा जीव खेळण्यात अडकला. नदीत सोडा, म्हंजे सुटन."

"अडकला नाई, ठेवला होता," मी म्हणालो. "शाळेत नाई न्यायचे तं मले द्या."

"मेलेल्याचं घरात ठेवता का भाऊ? घरच्यायनं ठरवू द्या," तो म्हणाला. प्रशांतनं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यालाही तेच सोयीचं होतं. खेळण्यांनी भरलेलं पोतं आणलं आणि घाटाखालच्या डोहात ओतलं. सगळे पाहायला काठावर सरकले, पिंडाजवळ कोणी उरलं नाही, तेव्हा कावळा आला आणि दहीभात खाऊन गेला. लोक हात जोडून म्हणाले, पाहा, सुटले मास्तर. माणसं दूर झाली म्हणून कावळा उतरला, हे तिथं एकालाही दिसलं नाही. मास्तरांनी दहा वर्षं पोरांना पाहायला शिकवलं, ती पोरंही तिथंच उभी होती.

नदीला दिलेलं आमच्यात कोणी परत काढत नाही. बायको म्हणाली, "ते घरात आणलं तं मी तुमच्या हाताचं पाणी घेणार नाई." मी म्हणालो, "नको घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगा डोहात घातला आणि फेकजाळं टाकलं. पहिल्यांदा नुसतं शेवाळ. मग तोफ, एका हाताची. मग लाल मोटार, सांध्यांत रेती. काठावर दोघं-तिघं जमून पाहत होते. मोटार पाण्यात हलवून धुतली, छाती उघडली, डबीवरचा चालक काढून खुर्चीत बसवला. झाकण बरोबर लागलं. ती डोंग्याच्या टोकावर ठेवली आणि जाळं पुन्हा फेकलं.