हिमनदीच्या काठावर पाठवलेला अर्ज

बरोबर सव्वाबाराला पाड्रिगचं उत्तर आलं.

‘यू आर व्हेरी गुड, वैशाली. इथे सगळे ग्रँड. हवा सुंदर. उद्या पहाटे ग्लेशियर ओलांडतो.’

माझी बॉस ग्रॉन्या पाठीमागे उभी राहून तेच वाचत होती. तिच्या हातात चहाचा मग होता. तो तिने हळूच माझ्या टेबलावर ठेवला.

“हा खाली यायला निघणार होता ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मग हा वर का चाललाय?”

“मी तर लिहिलं होतं...”

“तू त्याला नक्की काय लिहिलंस?”

हा मार्च २०२० चा प्रसंग आहे. डब्लिन विमानतळाजवळ, स्वोर्ड्समध्ये आमचं छोटं ऑफिस होतं. कंपनी लोकांना जगभरच्या डोंगरांत ट्रेकला न्यायची. मी ऑपरेशन्स डेस्कवर होते. म्हणजे गाइड लोकांना घेऊन वर जातो आणि आम्ही खाली खुर्चीत बसून त्यांची परवानगीपत्रं, विमानं, हवामान आणि नकाशे सांभाळतो. मी भूगोल शिकून आयर्लंडला नकाशाशास्त्राचं एमएस्सी करायला आले आणि तिथेच मला ही नोकरी लागली. परभणी जिल्ह्यातल्या सेलूसारख्या गावातून आलेल्या मुलीला डोंगराच्या नकाशांवर पगार मिळतो, हे आमच्या घरी आजही पुरतं पटलेलं नाही. हिमनदी मी तोवर फक्त स्क्रीनवर पाहिली होती. पण तिच्यातली प्रत्येक भेग कुठे आहे ते मला पाठ होतं.

आमचा गाइड पाड्रिग नऊ आयरिश लोकांना घेऊन नेपाळमध्ये होता. ट्रेक अठरा दिवसांचा. त्यातला मुख्य दिवस ग्लेशियर ओलांडण्याचा. ग्लेशियर म्हणजे बर्फाची नदी. डोळ्याला कळणार नाही इतकी सावकाश ती सरकते आणि सरकताना तिला खोल भेगा पडतात. भेगांवर ताज्या बर्फाची साय धरते. पहाटे ती साय कडक असते, माणसाचं वजन पेलते. ऊन चढलं की मऊ पडते. म्हणून सगळे एकमेकांना दोराने बांधून अंधार असतानाच निघतात.

त्या दिवशी सकाळी दहाला काठमांडूहून आमच्या एजंटाचा, पासांगजींचा फोन आला. साथीमुळे पाच दिवसांनी आंतरराष्ट्रीय विमानं बंद होणार होती. पुन्हा कधी सुरू होतील ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे ग्रुपने ग्लेशियर न ओलांडता मागे फिरायला हवं होतं. हेलिकॉप्टर फक्त आजारी माणसासाठी मिळतं आणि आमचे नऊच्या नऊ लोक ठणठणीत होते.

पाड्रिगशी बोलायचा एकच मार्ग होता. सॅटेलाइट मेसेंजर. काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र, थेट उपग्रहाशी बोलणारं. एका वेळी त्यातून एकशे साठ अक्षरं जातात. मजकूर मोठा असेल तर ते त्याचे तुकडे पाडतं. आभाळ मोकळं मिळेल तसा एकेक तुकडा पोचतो. थंडीत बॅटरी लवकर मरते, म्हणून पाड्रिग ते दिवसातून एकदाच चालू करायचा, संध्याकाळी सहाला, दहा मिनिटं. नेपाळचं घड्याळ आमच्या पावणेसहा तास पुढे असतं, म्हणून ती वेळ आमच्याकडे सव्वाबारा.

म्हणजे माझ्याकडे सव्वादोन तास होते. त्यातले दीड तास मी मजकूर सुधारण्यात घालवले.

ग्रॉन्याने माझ्या स्क्रीनवरून तो मोठ्याने वाचला. “‘प्रिय पाड्रिग, आपण व ग्रुपमधील सर्व सदस्य कुशल असाल अशी आशा आहे. आतापर्यंतच्या उत्तम वाटचालीबद्दल प्रथम आपलं मनापासून अभिनंदन. सध्याच्या बदलत्या...’ पहिला तुकडा इथे संपला?”

“हो.”

“दुसऱ्यात काय आहे?”

“संदर्भ.”

“कसला संदर्भ?”

“परिस्थितीचा. पासांगजींच्या फोनचा. आणि गैरसोयीबद्दल दिलगिरी.”

“आणि ‘खाली या’ कुठे आहे?”

मी बोट दाखवलं. चौथ्या तुकड्यात, शेवटून दुसरं वाक्य.

पाड्रिगला पहिला तुकडा मिळाला होता. फार तर दुसरा. इतक्या लांबून आपलं कुणीतरी अभिनंदन केलं म्हणून त्याने ‘यू आर व्हेरी गुड’ असे आयरिश पद्धतीने आभार मानले आणि यंत्र बंद केलं. त्याची चूक मला कुठेच सापडेना.

“वैशाली,” ग्रॉन्या म्हणाली, “घराला आग लागली तर तू फायर ब्रिगेडला आधी तब्येत विचारशील का?”

मी हो म्हणाले नाही, पण खात्रीने नाहीसुद्धा म्हणता आलं नसतं. आमच्या घरात सातवीपासून सगळे अर्ज मीच लिहायचे. नगरपालिकेला नळासाठी, बँकेला, वडिलांच्या साहेबांना रजेसाठी. शाळेत पत्राचा मायना चुकला की एक मार्क जायचा. मुद्दा राहिला तर अर्धाच. महोदय, सविनय, विनंती विशेष असं सगळं नीट लिहिलं की काम व्हायचं. माझी स्कॉलरशिप अशाच अर्जावर झाली, आयर्लंडचा प्रवेशसुद्धा. ज्या पद्धतीने इथवर पोचले ती कधी दगा देईल असं मनातही आलं नव्हतं.

ग्रॉन्याने लगेच दोन ओळींचा मेसेज पाठवायला लावला. पाठवला. पण दहा मिनिटं संपली होती; पाड्रिगचं यंत्र आता उद्या संध्याकाळी सहालाच उघडणार होतं. तेव्हा तो ग्लेशियरच्या पलीकडच्या कॅम्पवर असणार होता.

“मग उद्या वाचेल,” ग्रॉन्या म्हणाली.

“नाही वाचणार.”

तो कॅम्प अरुंद घळीत आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, आभाळाची नुसती पट्टी दिसते. उपग्रहाचा सिग्नल तिथे उतरत नाही. मला हे माहीत होतं, कारण नकाशात त्या जागेवर करड्या रंगाचा ठिपका मीच टाकला होता. ठरल्याप्रमाणे ते तिथे तीन रात्री राहणार होते. मधल्या दोन दिवसांत विश्रांती आणि वरच्या व्ह्यूपॉइंटची फेरी. तिथून विमानपट्टी दोन दिवस लांब. म्हणजे ते धावपट्टीवर पोचायचे त्या दिवशी काठमांडूची विमानं बंद झालेली असणार.

ग्रॉन्याने चेष्टा थांबवली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. टॉमी. तो मीथ काउंटीतला मेंढपाळ. त्याची बायको ब्रीडा त्या नऊ जणांत होती. साठी ओलांडलेली, ग्रुपमध्ये सगळ्यांत पुढे चालणारी. मेंढ्या विण्याच्या हंगामाआधी परत येते असं सांगून ती गेली होती. टॉमी रोज फोन करायचा.

“ती उतरली का?”

“अजून नाही, टॉमी. आम्ही प्रयत्न करतोय.”

“तिला सांग, सुरू झालं. सकाळी पहिलं कोकरू आलं. दोन आठवडे लवकर. कोकरं थांबत नाहीत म्हणावं.”

“कळवते,” मी म्हणाले. खरं तर नियम असा होता की घरगुती निरोप ऑपरेशन्सच्या मार्गाने पाठवायचे नाहीत. मी तो वहीत लिहून घेतला, इतकंच.

मग मी पासांगजींना फोन लावला. घळीच्या खाली एक गाव होतं. तिथे डोल्मा नावाच्या बाईंचं लॉज होतं. त्यांच्या मोबाइलला छताच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं की रेंज मिळायची. कॅम्प तिथून चार तासांची चढण.

“डोल्मा दीदी जायेगी,” पासांगजी म्हणाले. “सुबह निकलेगी. लेकिन बहन, चिठ्ठी छोटी रखना. दीदी को अंग्रेजी नहीं आती. मैं एक-एक अक्षर बोलूंगा, वो एक-एक अक्षर लिखेगी. छत पे खडे होकर.”

मी लिहायला घेतलं. ‘डिअर’ लिहिलं. ग्रॉन्याने पेन माझ्या हातातून काढून घेतलं. शांतपणे, जसं लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात.

पण अडचण दुसरीच होती. पाड्रिग चिठ्ठीवर विश्वास का ठेवेल? मार्ग बदलायचा तर ऑफिसचा लेखी निरोप हवा, हा आमचा नियम. अनोळखी बाईने आणलेला कागद म्हणजे ऑफिस नव्हे. त्या भागात दुसऱ्या कंपन्यांचे ग्रुपही होते. चिठ्ठी चुकून आली असं म्हणून तो खिशात घालेल आणि व्ह्यूपॉइंटला जाईल. निरोप आमचाच आहे हे त्यात दिसायला हवं होतं. या नऊ जणांखेरीज कुणाला अर्थ लागणार नाही असं काहीतरी.

माझी नजर वहीवर गेली.

“टॉमीची कोकरं,” मी म्हणाले.

ग्रॉन्याने पेन परत माझ्या हातात दिलं. “लिही,” म्हणाली. “आणि नियमाचं मी बघते.”

शेवटी चिठ्ठी अशी झाली: विमानं बंद होताहेत. लगेच खाली या. ब्रीडा, कोकरं सुरू झाली. वैशाली.

पासांगजींनी ती इंग्रजी अक्षरं लावायला पाऊण तास घेतला. मध्ये दोनदा फोन तुटला. डोल्माबाई छतावरून म्हणत होत्या की अजून एक ओळ असती तर त्यांनी मोबाइलच खाली फेकला असता. हे पासांगजींनी मला अगदी आनंदाने सांगितलं.

पुढे वाट पाहणंच हातात होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचंही ऑफिस बंद झालं. ज्याने त्याने आपापला स्क्रीन घरी न्यायचा होता. ब्लँचर्डस्टाउनला घरी जाताना बसमध्ये मी तो मांडीवर उभा धरून बसले. रस्ता दिसत नव्हता. एक आजोबा म्हणाले, “टीव्हीवर काय लागलंय?” मी म्हणाले, अजून काहीच नाही. खरंच काही लागलेलं नव्हतं. पहाटे ग्लेशियरवर हवा चांगली होती, एवढंच मला माहीत होतं. डोल्माबाई निघाल्या की नाही, पोचल्या की नाही, काही कळत नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला फोन खणखणला. मी स्वयंपाकघरात चहा करत होते. लाइन खरखरत होती.

“इज दॅट युअरसेल्फ?” म्हणजे तूच का. पाड्रिग, लॉजच्या छतावरून. “चिठ्ठी तुझीच ना?”

“माझीच! तुम्ही कुठे आहात?”

“डोल्माच्या लॉजवर. सगळे खाली आलो. खरं सांगू, मला शंका आली होती. खाली तुझं नाव, पण ‘डिअर’ नाही, तब्येतीची चौकशी नाही. म्हटलं, ही वैशाली नव्हे.”

“मग?”

“मग ब्रीडाने चिठ्ठी हातातून ओढून घेतली. ‘कोकरं’ वाचलं आणि सॅक भरायला लागली. कुणाला काही विचारलं नाही. पहाटे उजाडताच निघाली. बाकी आम्ही तिच्या मागे.”

मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले. मग टॉमीला फोन लावला. ‘हॅलो’च्या आधी ‘ती उतरली’ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

विमानपट्टीवर धुक्याने एक दिवस खाल्ला. पण तेवढा दिवस आता हाताशी होता. छोट्या विमानाने त्यांना दोन फेऱ्यांत काठमांडूला नेलं. शेवटच्या दिवशी पासांगजींनी सगळ्यांना एकाच विमानात बसवलं. नऊच्या नऊ, आणि पाड्रिग. ते डब्लिनला उतरले त्या दिवशी टॉमीने मला फोन केला.

“आली. माझ्याशी नीट बोललीसुद्धा नाही, थेट गोठ्यात. चौदा दिवस माणसांपासून लांब राहायला सांगितलंय. ती म्हणते, मेंढ्या माणसं नाहीत.”

त्यानंतर दीड वर्ष आमच्या कंपनीचा एकही ट्रेक निघाला नाही. सरकारी भत्त्यावर दिवस काढले. २०२१ च्या अखेरीस काम परत सुरू झालं तेव्हा ग्रॉन्याने मला निरोप कसे लिहावेत यावर नव्या लोकांसाठी एक पान तयार करायला सांगितलं. मी त्यात लिहिलं: जे करायचं ते पहिल्या चार शब्दांत. वाचणारा थंडीत उभा आहे, त्याची बोटं बधिर आहेत, बॅटरी मरते आहे. आदर दाखवायचा असेल तर त्याचा वेळ वाचवा.

त्याच आठवड्यात ब्रीडाचा फीडबॅक फॉर्म सापडला. टपालाने आलेला, तेव्हापासून कुणी न उघडलेला. व्ह्यूपॉइंट हुकला म्हणून तिने पाचातला एक तारा कापला होता. ‘ऑफिसचा संपर्क’ या रकान्यात मात्र लिहिलं होतं: थोडक्यात आणि मुद्द्याचं.

ग्रॉन्याने ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्म फाइलला लावला. पहिल्या निरोपाबद्दल ब्रीडाला आम्ही दोघींनीही अजून काही सांगितलेलं नाही.