चालवून पाहिल्याची ओळ

अंध मुलांच्या शाळेच्या छापखान्यात काम करणाऱ्या त्या बाईंना सगळे ठिपकेताई म्हणत. ब्रेल म्हणजे शेवटी ठिपकेच, आणि ते कागदावर उठवणारं यंत्र यांच्या ताब्यात. मूळ नाव होतं हजेरीपत्रकात, पण तिथून ते फारसं बाहेर पडत नसे.

यंत्र कपाटाएवढं, पिवळट पडलेलं. सुरू झालं की अर्ध्या इमारतीला कळे. ब्रेलचं एक अक्षर म्हणजे सहा ठिपक्यांची जागा; यंत्राच्या डोक्यात सहा सुया. जिथे ठिपका हवा तिथली सुई कागदात घुसायची, नको तिथली गप्प राहायची. एवढाच त्याचा जीव, पण एकदा चालायला लागलं की दिवसाला दोन पुस्तकं ओकायचं.

ठिपकेताई आल्या टायपिस्ट म्हणून. त्यांच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं त्यावरून हात झटकले. शाळेत नवे कॉम्प्युटर आले. त्यांवर ती सगळ्यांना खुली असलेली सिस्टीम होती. जिचा कोड कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा, आणि जगभरचे हजारो लोक जी रोज दुरुस्त करत असतात, ती. त्या सिस्टीमला सगळं ओळखता येई, फक्त हे पिवळं धूड सोडून. मुख्याध्यापक म्हणाले, भंगारात द्या. ताई म्हणाल्या, आठ दिवस थांबा.

आठ दिवसांचे चौदा महिने झाले. लग्नाआधी त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा दोन वर्षांचा कोर्स केला होता. त्या शिदोरीवर त्या सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, शिरल्या. यंत्र आणि कर्नेल यांच्यात बोलणं घडवून आणणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. दुसऱ्यांचे ड्रायव्हर वाचत, चुकत, सुया वाकवत त्यांनी आपला लिहिला आणि मेलनं वर पाठवला. कर्नेलच्या त्या विभागाचा प्रमुख कुठल्या तरी परक्या देशात बसलेला होता. त्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. घरात त्याचं नाव ‘वरचा’. “वरच्यानं पुन्हा परत पाठवलं,” असं त्या जेवताना म्हणाल्या की सासूबाई दचकून हात जोडत. सासूबाईंनी शेजारणीला ‘सून ड्रायव्हर लिहिते’ हे सांगताना ‘लिहिते’ गाळलं होतं, त्यामुळे शेजारीण अधूनमधून स्टेशनवर सोडायला येता का म्हणून विचारी.

सहाव्या खेपेला वरच्यानं ड्रायव्हर घेतला. तेव्हापासून त्या फाइलीच्या माथ्यावर मेंटेनर म्हणून ताईंचं नाव. म्हणजे जगात कुठेही ते यंत्र अडलं की पत्र यांना. अशी एकतीस यंत्रं अजून चालू होती. कुठलं कुठल्या शाळेत, कुठल्याची तिसरी सुई आखडते, सगळं त्यांना तोंडपाठ.

या जगातली एक रीत ताईंना फार आवडायची. कोडमध्ये कुणी काही बदल सुचवला, की त्याला पॅच म्हणतात, आणि पॅचच्या तळाशी ओळी असतात: कुणी लिहिलं, कुणी तपासलं, कुणी खऱ्या यंत्रावर चालवून पाहिलं. ती चालवून पाहिल्याची ओळ लिहायला कुणी शपथ देत नाही, कुणी दाखला मागत नाही. माणसानं लिहिलं की खरं. ताई ती ओळ लिहिण्याआधी बारा पानं छापत आणि मास्तरांकडे नेत. मास्तर शाळेतले मुद्रितशोधक, जन्मांध, आता निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, बोलायला फटकळ. ते बाराही पानांवरून बोटं फिरवत आणि म्हणत, “जाऊ दे.” मग ओळ. अकरा वर्षांत ताईंनी ती चोवीस वेळा लिहिली. बास.

मग आला गोडबोल्या.

हेही ताईंनीच ठेवलेलं नाव. एका मोठ्या फर्मचा माणूस. त्याचे पॅच थव्यानं येत. इथली मोकळी जागा काढा, तिथलं स्पेलिंग सुधारा, हा शब्द जुना झाला तो बदला. एका आठवड्यात चाळीस. कुणाचे किती पॅच कर्नेलमध्ये गेले याची फर्ममध्ये गणती होते, त्यावर बढत्या ठरतात, हे ताईंना पुढे कळलं. सुरुवातीला त्यांना वाटलं, चला, कुणीतरी झाडतंय. पण दर मेलची सुरुवात ‘आपल्या अमूल्य कार्याबद्दल मनःपूर्वक आभार’ अशी. तिसऱ्या आभाराला त्यांच्या घशाशी आलं. तूप लावलेल्या हातानं कुणी गाल कुरवाळावा तसं.

वार्षिक परीक्षेचे पेपर छापायचे होते तेव्हा अकरा दिवस ताईंनी मेल उघडलीच नाही. त्या अकरा दिवसांत गोडबोल्याचा एक पॅच वरच्यानं घेऊन टाकला. नाव ‘किरकोळ नीटनेटकेपणा’. तळाशी चालवून पाहिल्याच्या दोन ओळी, गोडबोल्याच्या दोन सहकाऱ्यांच्या नावाच्या. दोन-दोन माणसांनी चालवून पाहिलंय म्हटल्यावर वरच्यानं तरी का अडवावं? ताईंनी मागाहून तो नुसता नजरेखालून घातला आणि दोन नावं बघून सोडून दिला. शाळेच्या कॉम्प्युटरवर अजून जुनीच सिस्टीम होती, त्यामुळे इथे काही जाणवलं नाही.

चार महिन्यांनी दूरच्या एका शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आलं. ताईंनी ते छापखान्यातल्या स्टुलावर बसून वाचलं.

‘गणिताच्या पेपरात आकडे लागत नव्हते. मुलं म्हणाली, इथे आकडे नाहीतच, अक्षरं आहेत. आमच्याकडे ब्रेल वाचणारं मोठं माणूस कुणी नाही. आम्हाला वाटलं, अभ्यास केला नाही म्हणून बहाणे करतात. एक मुलगी फार हुशार आहे. तिला वाटलं आपली बोटंच बधिर झाली. ती तीन तास फ्रॉकवर बोटं घासत पुन्हा पुन्हा वाचत होती. आम्ही तिलाच रागावलो. यंत्र वापरण्यात आमचं काही चुकलं का, एवढं कळवावं.’

ताईंनी त्याच दुपारी नवी सिस्टीम चढवली आणि एक पान छापून मास्तरांपुढे ठेवलं. मास्तरांची बोटं दुसऱ्या ओळीवर थांबली.

“सहावा कुठाय?”

“काय?”

“सहावा ठिपका. अख्ख्या पानावर नाही. आकड्याच्या आधीचं चिन्ह मोडलंय. हे पाच म्हणून वाचू की अक्षर म्हणून?” त्यांनी खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, खरकटं लागल्यासारखी. “कुणी छापलं हे?”

ताईंनी कोड काढला. सहा सुया मोजणाऱ्या ओळीत सहाच्या जागी पाच. मोजणी शून्यापासून धरायची की एकापासून, यात ‘नीटनेटकेपणा’ करताना गडबड झाली होती. चूक कुणाचीही होते. ताईंनी स्वतः याहून मोठ्या केल्या होत्या. पण ही चूक अशी होती की फक्त एक पान छापलं असतं तरी कळली असती. एकच पान! म्हणजे त्या दोघांनी एकही पान छापलं नव्हतं. मुळात छापणार कशावर? एकतिसांतलं एकही यंत्र त्या फर्मकडे नव्हतं.

ताई उठल्या, नळावर जाऊन चूळ भरली. तोंडाची चव गेली ती गेलीच.

त्यांनी गोडबोल्याला दोन वाक्यं लिहिली: कुठल्या यंत्रावर चालवलंत? छापलेलं पान दाखवता का? आणि ‘मुलांचा पेपर बिघडलाय’ म्हणून खाली त्या शिक्षिकेचं पत्र जोडलं. उत्तर तासाभरात आलं. मनःपूर्वक आभार होतेच. पुढे, ‘आमच्या प्रयोगशाळेत सर्व संबंधित यंत्रणांवर पडताळणी केली जाते. आपल्या मौल्यवान निरीक्षणाची त्वरित दखल घेत आहोत.’ मुलीबद्दल अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे डोळे तपासायला घेऊन जायचं होतं. दवाखान्यातून परत येऊन ताईंनी मेल उघडली तर गोडबोल्याचा नवा पॅच येऊन वरच्याकडे रुजूसुद्धा झाला होता. पाचाचे सहा केलेले. आणि तळाशी ओळ, चालवून पाहिलं: पुढे ताईंचं नाव. पूर्ण नाव, हजेरीपत्रकातलं.

त्यांनी ते तीनदा वाचलं. त्यांनी तो पॅच पाहिला नव्हता, चालवणं तर दूरच. त्या वेळी त्या दवाखान्यातल्या बाकावर बसून सासूबाईंच्या डोळ्यांत औषध उतरायची वाट बघत होत्या.

लहानपणी एकदा त्यांच्या पेल्यातलं पाणी पिऊन झाल्यावर तळाशी मेलेली पाल दिसली होती. इतक्या वर्षांनी त्यांना तोच पेला आठवला.

कर्नेलवर काम करणाऱ्या सगळ्यांची एक सामायिक मेल-यादी होती; त्या यादीवर त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी मेल टाकली. ‘मी हे चालवून पाहिलेलं नाही. मला कुणी विचारलेलं नाही. माझं नाव काढा. आधीच्या पॅचवरच्या दोन ओळीही खोट्या आहेत. जे यंत्र यांनी डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर यांनी सह्या केल्या. हा निर्लज्जपणा आहे.’

दोन दिवसांनी एकानं लिहिलं, भाषा जरा सांभाळावी, इथे नवीन लोक येत असतात. दुसऱ्यानं लिहिलं, बदल तर बरोबर आहे ना? गोडबोल्यानं लिहिलं की आपण समस्या कळवलीत, म्हणून आदरानं आपलं नाव घातलं. गैरसमज झाला असल्यास दिलगीर. असल्यास! वरच्यानं शेवटी तीन ओळी टाकल्या: पॅच मुख्य कोडमध्ये गेला आहे, झालेल्या नोंदींचा इतिहास मागे जाऊन बदलत नाही, पुढे सगळ्यांनी काळजी घ्यावी.

ताईंनी पॅच चालवून पाहिला. बारा पानं. मास्तर म्हणाले, “जाऊ दे.” सहावा ठिपका जागेवर आला होता. बदल बरोबरच होता, आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त शिसारी आली. कारण आता त्यांचं म्हणणं कुणाच्या गळी उतरणार नव्हतं.

घरी नवऱ्याच्याही नाही. नवरा दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. पुढच्या खोलीत त्याचं बाक, गुलाबी मेण, बशीत मांडलेले दात. तो कानशीनं एक कडा घासत ऐकत होता.

“पण आता चालतंय ना?” तो म्हणाला.

“तू कवळी पेशंटच्या तोंडात न घालता ‘बसली’ म्हणून लिहून देशील?”

“मी नाही देणार.” त्यानं फुंकर मारून भुगा उडवला. “देणारे आहेत. त्यांची दुकानं माझ्यापेक्षा मोठी आहेत.”

“आणि तुला त्याचं काही वाटत नाही?”

“वाटतं की. म्हणून त्यांच्याकडे चहाला जात नाही.”

ताईंना हसू आलं नाही. सकाळी छापखान्यात त्यांनी राजीनामा लिहायला घेतला: मेंटेनर म्हणून माझं नाव काढावं. मास्तरांना वाचून दाखवला.

“मग ते खातं कुणाकडे जाणार?” मास्तरांनी विचारलं.

“जाईल कुणाकडे तरी.”

कुणाकडे, ते दुपारी कळलं. ताईंच्या मेलचा सूर बघून गोडबोल्यानं आपणहून लिहिलं होतं: आपल्यावरचा भार हलका करण्यासाठी या ड्रायव्हरची जबाबदारी घ्यायला आमची टीम आनंदानं तयार आहे.

ताईंनी हे मास्तरांना सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले, “बाई, घाणीला कंटाळून तुम्ही झाडू टाकलात तर घाणीला आनंदच आहे. तुम्ही जा म्हणालात तरी मी कोण अडवणार? पण मग माझ्या हाताखाली काय येईल ते मला आजच सांगून जा.”

राजीनामा ताईंनी पुसला. प्रेमानं नव्हे, ते कधीच आटलं होतं. पूर्वी नवीन मेल आली की त्या चहा बाजूला ठेवून वाचत, आता नाक मुरडून उघडत. त्या राहिल्या त्या केवळ ते यंत्र त्या तुपाळ हातांत पडायला नको म्हणून. दूरच्या शिक्षिकेला त्यांनी सविस्तर लिहिलं: तुमचं काही चुकलं नाही, त्या मुलीचंही नाही, तिची बोटं उत्तम आहेत, हे तिला वर्गासमोर सांगा.

आणि फाइलीच्या माथ्यावर त्यांनी एक नियम घातला. या ड्रायव्हरसाठी चालवून पाहिल्याची ओळ हवी असेल तर छापलेलं पान टपालानं शाळेच्या पत्त्यावर पाठवायचं. फोटो नको, खरा कागद. यादीवर खूप हसले. या जमान्यात टपाल? एकानं तर मोडीत काढलेल्या टपालपेटीचं चित्र टाकलं. वरच्यानं मात्र, कदाचित शरमेनं असेल, नियम तसाच ठेवला.

गोडबोल्याचे पॅच त्या दिवसापासून बंद झाले. तो दुसऱ्या ड्रायव्हरांकडे वळला. वर्षअखेरीला त्याला बढती मिळाली आणि एका परिषदेत त्यानं ‘गुणवत्ता आणि विश्वास’ यावर भाषण ठोकलं. नवऱ्यानं कौतुकानं नव्हे, खोडीनं, ते फोनवर लावून दिलं. ताईंनी चार मिनिटं पाहिलं. पाचव्या मिनिटाला पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रत्येक ओळीमागे एक माणूस’ असं उमटलं, तेव्हा त्यांनी फोन उपडा ठेवला आणि भांडी घासायला गेल्या. भांडी आधीच घासलेली होती.

नियम घातल्यावर नऊ महिन्यांनी पहिलं पाकीट आलं. परक्या देशातला एक यंत्रदुरुस्तीवाला. ताईंनी सुचवलेली एक दुरुस्ती त्यानं आपल्या जुनाट यंत्रावर चालवली होती. पाकिटात जाड कागदाचं घडी न केलेलं पान आणि एक चिठ्ठी: ‘तुमचा बदल चालत नाही. दर तिसरी ओळ तिरकी जाते. पान सोबत.’

मास्तरांनी पान हातात घेतलं, बोटं फिरवली.

“भयंकर आहे,” ते म्हणाले. “अगदीच भयंकर. बोटं घसरतात.”

“माझंच चुकलंय,” ताई म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, तिसऱ्या ओळीवर पेन्सिलीनं खूण केली आणि यंत्राचं झाकण उघडलं.