मुठीत आवळलेल्या किल्ल्या

...आणि मग तिनं किल्ल्या मुठीत आवळल्या. काल इथवर आलो होतो ना आपण? नेमकी तेव्हाच जेवायची हाक आली आणि गोष्ट दारातच उभी राहिली. तर माझी धाकटी बहीण अशी त्या बंद दाराबाहेर उभी होती, कमरेचा जुडगा मुठीत आणि कान दाराला लावलेला. सगळ्या नोकरीत तिच्या किल्ल्या पहिल्यांदाच गप्प होत्या.

काल जे नव्हते त्यांना काही कळायचं नाही, म्हणून जरा मागे जातो. माझी ही बहीण मुलींच्या आधारगृहात गृहमाता होती. ज्यांना कुणी फसवून नेलं, नको ते भोगायला लावलं, अशा अठराच्या आतल्या मुली पोलिसांनी सोडवून आणल्या की खटला चालेपर्यंत, कधी त्याच्या पुढेही, तिथं राहायच्या. मुली तिला किल्लीमावशी म्हणत. अंगानं एवढीशी, पण चालू लागली की जुडगा असा खणखणायचा, की व्हरांड्याच्या टोकापासून कळावं, आली. नवीन अधीक्षक बाई एकदा म्हणाल्या, "मावशी, जरा हळू." ही म्हणाली, "बाई, या मुलींना पाठीमागून गुपचूप आलेलं माणूस चालत नाही. मी वाजत येते म्हणून त्यांना झोप लागते." अधीक्षक बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

बहिणीला वाजवायची हौस मात्र जुनी. आमच्या गावच्या शाळेला खोली एक आणि घंटा एक. घंटा म्हणजे दोरीला टांगलेला लोखंडाचा तुकडा. गुरुजींनी ती वाजवायचं काम मला दिलं, तर ही माझ्याशी धड बोलेना. एके सकाळी हातोडी गायब. शाळा भरायची कशी म्हणून सगळे शोधतायत, आणि हातोडी सापडली हिच्या दप्तरात. गुरुजींनी विचारलं, "का गं घेतलीस?" ही म्हणे, "मला नाही ना, मग कुणालाच नाही." आई म्हणायची, या पोरीच्या पोटात दुखतं त्याला काढा चालत नाही, दुसऱ्याच्या हातातलं काढून हिच्या हातात द्यावं लागतं.

तर तेच पोट आधारगृहात पुन्हा दुखायला लागलं. पंधराएक वर्षांची एक मुलगी आली होती. तिचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. कायद्यानं ते कुणाला सांगता येत नाही आणि माझी बहीण या बाबतीत कुलूपच. आमच्या घरी ती तिला 'कोपऱ्यातली' म्हणायची, कारण पोरीनं आल्या आल्या कोपऱ्यातली खाट धरली होती. दुकानात काम लावून देतो असं सांगून एका माणसानं तिला दुसऱ्या शहरात नेलं होतं. पुढं त्यानं जे केलं त्याचा खटला उभा होता. मला ठाऊक आहे ते एवढंच.

पोरगी बोलत नव्हती. बहिणीनं तिच्या केसांतला गुंता सोडवला, ताप आला तेव्हा उशाशी बसली, बूट चावतो म्हणून आत कापूस घातला. पोरगी "हं" म्हणायची, फार तर "नको".

मग नवीन समुपदेशक बाई आल्या. वयानं आमच्या धाकट्या सुनेएवढ्या. त्यांनी एका रिकाम्या खोलीत गालिचा अंथरला आणि मुलींनी तिला 'बोलायची खोली' असं नाव ठेवलं. पोरगी त्या गालिच्यावर बसली, दार लावून घेतलं आणि बोलू लागली.

सुट्टीच्या दिवशी बहीण आमच्याकडे यायची. त्या दिवशी ताट पुढे ओढलं आणि सुरूच झाली. "केस मी विंचरायचे, ताप मी बघायचा आणि बोलायचं कुणाशी, तर त्या गालिचेवालीशी. तासभर येते, मांडी घालून बसते, झालं."

माझी बायको म्हणाली, "वन्सं, मग तुम्हीही मांडी घाला."

"गुडघे वाकतात का माझे?"

"मग खुर्चीवर बसून विचारा."

"विचारता येत नाही ना," बहीण म्हणाली, आणि तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तिथला नियमच तसा. झालेलं जे काही ते मुलीनं शक्य तितक्या कमी वेळा सांगायचं, आणि ते ऐकायला शिकलेल्या माणसालाच सांगायचं. बाकी कुणी खोदून विचारायचं नाही. पुन्हापुन्हा विचारलं की पोर पुन्हापुन्हा त्यातून जाते. शिवाय आरोपीचा वकील उठून म्हणतो, हिला पढवलंय. नियम बहिणीला पटत होता. पटला म्हणून पोट दुखायचं थांबत नाही, एवढंच.

न्यायालयाची तारीख जवळ आली. मुलीच्या आणि आरोपीच्या मधे पडदा असणार होता, तो माणूस तिला दिसणार नव्हता, आणि तिच्या विश्वासाचं एक माणूस शेजारी बसू शकत होतं. पोरीनं समुपदेशक बाईंचं नाव सांगितलं.

ते कानावर आलं आणि बहिणीनं किल्ल्या मुठीत आवळल्या. आता आलो आपण कालच्या जागेवर.

दाराआडून शब्द काही कळेना. नुसती कुजबुज. आणि मग पोरगी हसली. छोटंसं, पण हसली. बहीण मला म्हणाली, "दादा, माझ्याकडे इतके महिने राहिली, एकदा हसली नाही. मी आणखी पुढं वाकले." आणि एक किल्ली बोटांतून निसटली. टिंग.

तो आवाज त्या घरात कुणाला ओळखू येणार नाही? आतलं बोलणं थांबलं. दार उघडलं ते पोरीनं. तिनं मावशीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मुठीकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

त्यानंतर ती बोलायच्या खोलीत जाईना. न्यायालयात येणार नाही म्हणाली. समुपदेशक बाईंना वाटलं, आपलंच काही चुकलं. त्यांनी किल्ली ऐकली होती, पण मावशी येता-जाता वाजतेच, त्यात त्यांना वेगळं काही वाटलं नाही. आणि माझी बहीण गप्प बसली.

"सुरुवातीला मला बरं वाटलं," ती म्हणाली. "गालिचा रिकामा पडला होता ना."

हे सांगायलाही छाती लागते, मी म्हणतो.

पण मग एका दुपारी ती नेहमीसारखी किल्ल्या खणखणवत मुलींच्या खोलीकडे गेली, तर दार उघडेना. पोरीनं आतून खुर्ची लावली होती. किल्ल्या वाजत असताना. बाकीच्या मुली निर्धास्त, आणि ही एकटी दाराला खुर्ची लावून उभी. बहीण तशीच मागं फिरली ती थेट समुपदेशक बाईंच्या टेबलापाशी. जे केलं ते सगळं सांगितलं.

बाईंनी आवाज चढवला नाही. "मला सांगून निम्मं काम झालं, मावशी. ज्याची चोरी केलीत त्यालाही सांगा. पण तिला काही विचारायचं नाही. फक्त तुमचं सांगायचं."

मागच्या अंगणात पोरगी कपडे वाळत घालत होती. बहीण लांबूनच वाजत गेली आणि दोरीच्या अलीकडे थांबली.

"त्या दिवशी मी दाराशी उभी होते. किल्ल्या मुद्दाम धरून ठेवल्या होत्या."

"माहीत आहे."

"चुकलं माझं."

पोरीनं एक मोजा पिळला. "काय ऐकलंस?"

"तू हसलीस तेवढं."

"खरं?"

"खरं. तेवढ्यानंच पोट दुखलं माझं."

पोरीच्या ओठाचा एक कोपरा हलला म्हणे. मग ती जे बोलली ते बहिणीनं मला शब्दन् शब्द सांगितलं. "मावशी, पोलीसताईंना माहीत आहे. डॉक्टरबाईंना माहीत आहे. वकिलांना, या ताईंना, आता न्यायाधीशांनाही कळेल. सगळे चांगले आहेत. पण माझ्याकडे बघितलं की त्यांना ते आठवतं, मला दिसतं ते. तुला काही माहीत नाही. तू बघतेस तेव्हा माझे मोजे ओले आहेत का एवढंच बघतेस. म्हणून मी दार लावायला सांगत होते. असं एक माणूस राहू दे ना मला."

बहिणीनं दोरीवरचे मोजे चाचपले आणि म्हणाली, "हे अजून ओलेच आहेत." पोरगी म्हणाली, "न्यायालयातून येईन तेव्हा फाटकापासून वाजव. आणि विचारू नकोस."

तारखेच्या दिवशी मी आधारगृहाच्या फाटकाबाहेरच्या बाकावर होतो. पुरुषाला आत प्रवेश नव्हता, त्यामुळे बहिणीला भेटायचं तर मी तिथंच बसायचो, आणि फाटकावरची बाई मला दर वेळी नव्यानं ओळख विचारायची. बहीण सकाळपासून येरझाऱ्या घालत होती. "तिकडे न्यायालयात ती गालिचेवाली बसलीय पोरीशेजारी. मी इथं फाटकाला टेकून."

"अजून पोट दुखतंय का?"

"दुखणारच. पण दादा, त्या सगळ्यांत तसं माणूस मी एकटीच. गालिचेवालीला ते मिळायचं नाही." आणि तोरा असा, जणू गुरुजींनी घंटा हातात दिली.

गाडी वळणावर दिसली आणि हिनं जुडगा काढून दोन्ही हातांनी वाजवायला सुरुवात केली. फाटकावरच्या बाईनं कानांवर हात ठेवले. पोरगी उतरली. चेहरा थकलेला, पण मान वर. मागून समुपदेशक बाई तिची पिशवी घेऊन. बहिणीनं आधी त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली, मग पोरीला म्हणाली, "बूट चावला का?"

"डावा."

"तरी म्हटलं कापूस घाल." आणि दोघी आत गेल्या. मी काही विचारलं नाही, मला कुणी काही सांगितलं नाही. त्या माणसाला शिक्षा झाली हे पुढं कळलं.

ती पोरगी आता कर्ती बाई आहे, छापखान्यात कामाला असते. बहीण निवृत्त झाली तरी तिच्याकडे जाऊन राहते आणि परत आली की माझी सून आणि बायको दोघींना ते ऐकवते, जरा जास्तच ऐकवते. परवा मला राहवलं नाही. म्हातारपणी जीभ सैल होते. मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली, आता तरी तुला कळलं असेल. नक्की काय झालं होतं गं त्या पोरीला?"

तिनं चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "मला काय माहीत, दादा? मला एवढंच माहीत आहे, की तिला अजून भिंतीकडची बाजू लागते, डावा बूट अजून चावतो, आणि तिच्या जिन्यात पाय ठेवला की मी किल्ल्या वाजवते. कुलूप तर आता एकच राहिलंय माझ्याकडे, तरी जुडगा सगळा घेऊन जाते."