रूपी गप्प झाली तेव्हा

सायवनची रूपी मोठी बोलकी बाई. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापायला बाया निघाल्या की तिच्या गप्पांवरच बाकीच्यांचे विळे चालायचे. त्या वर्षी मात्र ती घरी आली ती तापानं फणफणतच. गोळ्या झाल्या, ताप हटेना. मग ती भलतंच बोलू लागली. कुडातून गवत उगवतंय म्हणे, आणि त्यात आई उभी आहे. आईला जाऊन कित्येक पावसाळे लोटले होते.

एका सकाळी बोलणंच थांबलं. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. नवऱ्यानं, शुक्रानं, तिचा हात उचलला तर तो तसाच हवेत राहिला.

रूपीला सगळं ऐकू येत होतं, पाण्याखालून यावं तसं. भोवती पिवळं गवत डुलत होतं आणि आई सावकाश तिचे केस विंचरत होती. ओ द्यावीशी वाटे, पण ओठ जणू दुसऱ्याच कुणाचे होते.

"बाहेरचं असंल," शेजारची भिकी म्हणाली.

"डोकं फिरलंय तिचं," दीर म्हणाला.

शुक्रानं जीप केली आणि तिला तलासरीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या शीतल डॉक्टरांनी विचारलं, "आधी ताप आला की आधी बडबड?"

"ताप."

"मग आधी शरीरातलं दुखणं शोधू."

रक्त तपासलं. साखर ठीक, मलेरिया नाही. जखडलेलं अंग सैल करणाऱ्या एका इंजेक्शननं रूपीची बोटं हलली, "पाणी" एवढं बोलून ती पुन्हा गवतात गेली. तेव्हा डॉक्टरांनी नर्सला घेऊन तिचं अंग केसांपासून तळपायापर्यंत पाहिलं. काखेत काळी खपली सापडली, विडीचा चटका बसावा तशी.

"गवतातला बारीक किडा चावलाय," त्या शुक्राला म्हणाल्या. "त्याचा ताप मेंदूपर्यंत गेलाय. औषध आहे यावर."

"म्हणजे वेड नाय?"

"नाही."

औषध सुरू झालं. दोन-तीन दिवसांत गवत विरळ होत गेलं. आईनं वेणी घातली, खांद्याला हलकेच ढकललं, आणि रूपीला डोक्यावर फिरणारा पंखा दिसला. शेजारी शुक्रा बसल्या बसल्या पेंगत होता.

घरी निघताना एसटीची वाट बघत ती म्हणाली, "तिथं बरं वाटत होतं. यायचं मनात नव्हतं."

शुक्रा तिच्याकडे वळला. "मग? आता?"

"आता भूक लागलीय."

तो उठला आणि समोरच्या गाडीवरून गरम भजी घेऊन आला.