लाथ कुणी मारली
राजानंद बदनापुरात घरं रंगवायचा. फेब्रुवारीत एका दुमजली घराची परांची कोसळली आणि तो पाठीवर आदळला. कण्यातला मज्जारज्जू चेचला गेला. बेंबीखालचं सगळं अंग परकं झालं.

घरी आई केशरबाई, बायको बेबीनंदा आणि थोरला भाऊ भुजंग. आंघोळीला रोज भुजंगच त्याला उचलायचा आणि रोज कुरकुरायचा. मे महिन्यातल्या एका सकाळी त्यानं वाकून राजानंदच्या तळपायावर गार पाणी ओतलं. पाय ताडकन उडाला, टाच भुजंगच्या तोंडावर बसली. ओठ फुटला.

"हालतोय की पाय! तीन महिने आमाला राबवून राह्यला का?"

"म्या न्हाई हालवला, दादा. आपोआप उडतो."

"आपोआप? अन् बराबर मलाच लागतो?"

केशरबाईनंही मोठ्याचीच बाजू धरली. "मंग ऊठ आता आपल्या पायानं."

बेबीनंदा मजुरीला गेली होती. दोघांनी राजानंदला अंगणात पत्र्याच्या कुडाशी बसवलं आणि दार लावून घेतलं. ऊन चढलं. हाका मारून त्याचा घसा बसला. पत्रा तापला, पोटरी त्यालाच टेकली होती, पण त्याला कळलंच नाही. बेबीनंदा परतली तेव्हा पोटरीची कातडी सोलून निघाली होती.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या अक्षताताईंनी भुजंगला समोर उभं केलं. राजानंदला डोळे मिटायला लावून त्याच्या तळव्यावरून पेनाचं टोक ओढलं. पाय उडाला.

"काही जाणवलं?"

"न्हाई."

ताई भुजंगकडे वळल्या. "मेंदूचा हुकूम खाली पोचत नाही. पण खालचा मज्जारज्जू जिवंत आहे. स्पर्श झाला की तोच पाय उडवतो. यांना थांबवताही येत नाही."

"आमी काय डॉक्टर हाव का?" भुजंग भिंतीकडे बघत म्हणाला.

"माणूस तर हाय ना, भाऊजी?" बेबीनंदा म्हणाली.

जखम भरायला चार महिने लागले. तोवर राजानंद फळीवरून घसरत खाटेवरून चाकाच्या खुर्चीत जायला शिकला. दोनदा पडला. भुजंग पुढं आला की तो फळी आडवी धरायचा. "हात लावू नको."

"सख्खा भाऊ हाय तुझा," केशरबाई म्हणाली.

"मालूम हाय."

आता तो बेबीनंदासोबत जुन्या जालन्यात राहतो, गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवतो. मागं एकदा भुजंग आला, बराच वेळ दारात उभा राहिला. राजानंदनं खुर्ची वळवून पाठ केली आणि अर्धवट राहिलेला आकडा पुरा केला.