खाऱ्या काकीची भवानी

नव्या नवरीचं तोंड बघायला नवघरच्या बायका जमल्या होत्या. कुणी हातावर साखर ठेवली, कुणी ओटीत नारळ घातला. खाऱ्या काकीने माझी हनुवटी वर केली, अंगठ्याने ओठ बाजूला सारला आणि बैल बघावा तसे माझे दात बघितले. “रंगाचं जाऊ दे,” ती म्हणाली, “दात तरी सरळ हायेत.” बायका फिदीफिदी हसल्या. मी पंधरा वर्षांची होते. पदराआड रडले आणि मनात म्हटलं, थांब म्हातारे, तुला दाखवीनच कधीतरी.

ही माझ्या नवऱ्याची सख्खी चुलती. तिचं घर आमच्या अंगणाला लागूनच. नवरा खाडीत होडी उलटून गेलेला, तीन मुलं एकामागून एक तापाने गेलेली. एकटी बाई मिठागरावर टोपल्या वाहायची. जेवायला बसली की भाताची चव बघायच्या आधीच त्यावर मिठाचा खडा चुरायची, मग तो भात कुणाच्याही घरचा असो. म्हणून ती खारी काकी. जीभही तशीच. शिवीशिवाय तिची हाक म्हणून नाही. माझ्या नवऱ्याला ‘मुडद्या’, समोरच्या म्हातारीला ‘सटवे’, आणि मला ‘चोरपावले’, कारण मी चालते ते ऐकू येत नाही. गावही काही कमी नव्हतं. तिच्या पाठीमागे बायका म्हणायच्या, “पोरं खाल्ली हिनं.” तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं.

लढाईच्या दिवसांत तांदूळ मिळेनासा झाला आणि नेमके तेव्हाच तिच्या भाताच्या कणगीत उंदीर शिरले. उत्तनहून सुके बोंबील घेऊन येणाऱ्या मासळीवालीने एक दिवस टोपलीतून तिला एक तांबूस मांजर आणून दिली. काकीने जन्मात मांजर पाळली नव्हती. तिने काय करावं? मांजरीच्या गळ्यात दोरी घालून तिला शेळीसारखी खांबाला बांधली आणि पुढ्यात भात न् लालभडक कालवण वाढलं. मांजर कालवण हुंगून शिंकली. “नखरे बघा भवानीचे!” काकी कडाडली. झालं, मांजरीचं नाव भवानी पडलं.

माझं माहेर घोडबंदरचं. आमच्याकडे मांजरांचा नुसता सुळसुळाट. हे कळल्यापासून काकी रोज कुंपणाशी उभी. “ए चोरपावले, ही ओकली बघ. केसांचा गोळा हाय. मरंल काय?” मी सांगायचे, “नाही मरत काकी, अंग चाटते म्हणून ओकते.” दुसऱ्या दिवशी, “राखंत लोळती, गोसावीन हाय काय?” असं म्हणून तिने भवानीला रिठ्याने न्हाऊ घातली आणि स्वतःचे हात कोपरापर्यंत ओरबाडून घेतले. मी म्हटलं, “आधी ती दोरी सोडा. बांधलेली मांजर उंदीर कसे धरणार?”

“पळून गेली मंजे?”

“गेली तर गेली.”

“जाऊ दे. हितं कोण ऱ्हायलंय?” असं म्हणत तिने दोरी सोडली आणि दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. भवानी उंबऱ्यापर्यंत गेली, परत फिरली आणि काकीच्या भेगाळलेल्या पायाला अंग घासू लागली. लाथ मारायला काकीने पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. “दूर हो मेले,” ती म्हणाली. तिचा तसला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

अख्ख्या गावात या एका बाबतीत ती एकट्या माझं ऐकायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज चढला होता.

पुढे भवानीचं पोट सुटलं. “खादाड हाय,” म्हणून काकीने तिला दोन दिवस उपाशी ठेवलं. मी म्हटलं, “अहो, ती गाभण आहे.” काकी मग आत गेली, पेटी उघडली आणि एक लहानशी गोधडी घेऊन आली. हातभर लांबीची, बाळाची. कुणाची, हे मी विचारलं नाही. त्या दिवसापासून स्वतःच्या ताटातला बोंबील ती भवानीला घालायची आणि आपण नुसता मीठभात खायची.

त्याच आठवड्यात तिने मला मारलं. हाताने नव्हे. माझं दुसऱ्यांदा पोट पडलं होतं, त्याला महिनाही झाला नव्हता. विहिरीवर कुणीतरी कनवाळूपणाने विचारलं, “आता बरी हायेस ना गो?” मी तोंड उघडायच्या आत काकी म्हणाली, “खारात कुठं भात पिकतंय?” या वेळी कुणी हसलं नाही. मी घागर तिथेच ठेवून घरी आले.

चौथ्या दिवशी भवानी व्याली. चार पिल्लं. काकी धावतच कुंपणाशी आली, पदर कुठे, केस कुठे! “चार हायेत गो! आता काय करायचं? सांग ना!” माझ्या डोळ्यांसमोर ती विहीर होती. आमच्या घोडबंदरला शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की पिल्लं खातो तो बोका. आई पिल्लांना मानगुटीला धरून सात घरं फिरवते. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “जपा हं काकी. आईच पिल्लं खाते. आयांना असते तशी सवय.”

तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं.

काकी मिठागरावर जायची बंद झाली. सरपणातलं एक लाकूड मांडीवर घेऊन गोधडीजवळ बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिची किंकाळी ऐकून मी धावले. भवानी एका पिल्लाला मानेला धरून दाराकडे निघाली होती. काकीने लाकूड तिच्या पाठीत घातलं होतं. मागचे पाय लुळे पडलेले, तरी ती पुढच्या पायांवर सरपटत होती आणि सुटलेलं पिल्लू पुन्हा तोंडात धरायला बघत होती. काकीने ते हिसकावलं, उलटंसुलटं केलं, मान चाचपली, पोट चाचपलं. पिल्लू नुसतं कुईकुई करत होतं. “रक्त कुठाय गो?” तिने मला विचारलं. “रक्त कुठाय?”

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. मी म्हटलं, “तुम्ही वेळेवर मारलंत काकी. दात लागले नव्हते अजून.”

भवानी दिवस मावळायच्या आत मेली. मग काकी कापसाची वात दुधात बुडवून पिल्लांच्या तोंडात पिळू लागली. दूध कुठून मिळवायची देव जाणे. वात मीच करून द्यायचे, माझ्या मेलीच्या हाताने. तीन पिल्लं पाच दिवसांत गेली. एक जगलं. गावाला तेवढंच हवं होतं, विहिरीवर बायका म्हणाल्या, “मांजरीचीबी सोडली न्हाय हिनं.” मी तिथे होते. मी पाणी भरत राहिले.

दीड वर्षाने माझा थोरला जन्मला. काकीनेच त्याला हातात घेतला. “माकड हाय, पन आपलं हाय,” म्हणाली आणि त्याला कुणाकडे देईना. तो तीन महिन्यांचा असताना त्याला मांडीवर घेऊन मी तिच्या ओसरीवर बसले होते. जगलेलं पिल्लू मादी निघालं होतं आणि तीही व्याली होती. आमच्या देखत ती उठली, एका पिल्लाला मानगुटीला धरलं आणि ओसरी ओलांडून लाकडांच्या ढिगामागे नेऊन ठेवलं. परत आली. दुसरं नेलं. परत आली. तिसरं नेलं. काकी बघत होती. हात मांडीवर, तोंड जरासं उघडं. पाचवं नेऊन झाल्यावर तिने माझ्या मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तुला ठाव व्हतं,” ती म्हणाली.

मी होय म्हणून मान हलवली. आता मारेल, झिंज्या धरेल, गाव गोळा करेल, असं मला वाटलं. तिने तसलं काही केलं नाही. उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “बसा तुमी. च्या टाकते.”

त्यानंतर ती पाच वर्षं जगली. या पाच वर्षांत तिने मला एकही शिवी दिली नाही. घरात आले की ‘या’, निघाले की ‘सांबाळून जा’. गावातल्या बायका म्हणायच्या, “काय जादू केलीस गो, तुला अहोजाहो करते म्हातारी!” मी काय सांगणार, कपाळ? तिच्या ‘या’पुढे मला माझ्याच अंगणात परक्यासारखं वाटायचं. दोनदा मी तिचे पाय धरले. दोन्ही वेळा तिने ते हळूच मागे घेतले आणि म्हणाली, “असं कशाला करता?”

शेवटच्या दुखण्यात मीच तिचं सगळं केलं. सकाळी सकाळी सगळे भोवती जमले. तिने माझ्या नवऱ्याला ओळखलं: “मुडद्या, रडतोस काय बायलीवानी?” समोरच्या म्हातारीला म्हणाली, “सटवे, तू अजून मेली न्हाईस?” माझ्या मुलाला “माकडा, जवळ ये,” म्हणून त्याचा गालगुच्चा घेतला. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाणी पाजलं. मी वाट बघत होते. एक शिवी, वाटेल ती, फक्त एक. तिने दोन घोट घेतले, डोळे उघडून मला नीट ओळखलं आणि म्हणाली, “लय तरास झाला तुमाला, सूनबाई.”