रांगेत न येणारे आजोबा

सिंगापूरच्या बिशान भागातल्या आमच्या काँडो इमारतीत फायर ड्रिल झालं की बाराव्या मजल्याची हजेरी मी घेतो. फ्लॅटचा नंबर पुकारला की हात वर करून रांगेत यायचं. समोरच्या फ्लॅटमधले युरोपियन आजोबा कधीच यायचे नाहीत. लिफ्टमध्ये हवापाण्यावर भरभरून बोलणारा हा माणूस नंबर ऐकला की झाडामागे सरकायचा. घरात चोरून भाडेकरू ठेवला असणार, असं मी बायकोला सांगूनही टाकलं होतं.

शेवटी एकदा विचारलंच.

“मी ज्यू,” ते म्हणाले. “पाच वर्षांचा असताना आईबरोबर नाझींच्या छळछावणीत होतो. रोज पहाटे बर्फात उभं करून नंबरानं मोजायचे. एकदा आई उभ्याउभ्या कोसळली, तरी मोजणी थांबली नाही.”

पुढच्या ड्रिलला मी नंबर खोडून त्यांना नावानं हाक मारली. ते झाडामागून आले, पण रांगेत उभे राहिले नाहीत. माझ्या हातातल्या कागदाकडे बघत त्यांनी विचारलं, “ही यादी नंतर कोणाकडे जाते?”

सहा वर्षं मी ती गेटवर नेऊन देतोय. पुढे ती कोणाकडे जाते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.